शेडबाळ्यांचा रकाना

पडद्यावर ‘कु. आप्पासाहेब मगदूम’ अशी ठळक अक्षरं उमटली आणि खोलीतल्या चौघांपैकी तिघांनी एकदम छताकडे पाहिलं. चौथे खुद्द आप्पासाहेब होते. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त मुख्याध्यापक, ललितरंजन नाट्यमंडळाचे एकवीस वर्षं अध्यक्ष, तीन मुलींचे बाप आणि पाच नातवंडांचे आजोबा. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा घातला. अक्षरं तीच होती.

“तरुणपणी मी बायकांच्या भूमिका करायचो,” ते शांतपणे म्हणाले, “पण तेव्हासुद्धा मला कुणी कुमारी म्हटलं नव्हतं.”

ती वेबसाइट मी केली होती. जयसिंगपुरात एका छापखान्याच्या माडीवर आमचं चार माणसांचं ऑफिस होतं, ही माझी पहिली नोकरी होती आणि नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. मंडळाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, म्हणून आजवर तोंडाला रंग लावलेल्या आणि न लावलेल्या, पडदा ओढणाऱ्यांपासून नायकांपर्यंतच्या सगळ्या चारशे बारा माणसांची यादी साइटवर यायची होती. रविवारी सकाळी भर सभागृहात ती यादी मोठ्या पडद्यावर सरकवत दाखवायची, असा बेत होता. हा प्रसंग गुरुवारचा, म्हणजे रंगीत तालमीचा.

आमचे खंजिरे सर लॅपटॉपवर वाकले, माझा कोड वाचला आणि मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. सरांना चारचौघांत ओरडायला आवडत नसे. ते एकांतात ओरडत.

“तृप्ती, पंगतीत प्रत्येकाला वेगळं पान मांडतात, का एकच पान ठेवून त्यावर एकामागून एक माणसं बसवतात?”

मी म्हटलं, वेगळं मांडतात.

“मग तू एकच का मांडलंस?”

गोष्ट अशी होती. अशा यादीला एक साचा करतात. साचा एकच, त्यातून माणसं एकेक करून जातात आणि ज्याचं त्याचं नाव छापलं जातं. नावाआधी लावायचं श्री., सौ., कु., कै. जे काही असेल ते तात्पुरतं ठेवायला मी ‘उपाधी’ नावाचा एक व्हेरिएबल, म्हणजे एक कप्पा, केला होता. तो करायचा प्रत्येक माणसापुरता, साच्याच्या आत. मी केला होता बाहेर, पानाच्या माथ्यावर, सगळ्यांत मिळून एक. ज्याच्या रकान्यात उपाधी भरलेली, तो आपली आणून त्यात ठेवी आणि पुढे जाई. ज्याचा रकाना रिकामा, त्याला आधीच्या माणसाची उरलेली लागे. सरांच्या भाषेत, उष्टी.

चारशे बारांत रिकामा रकाना एकच होता, तो अध्यक्षांचा. त्यांना श्री. लिहावं, मा. लिहावं की नाट्यभूषण, हे चिटणीस दत्तोबा कोऱ्यांचं ठरेना, म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला होता. यादीत त्यांच्या लगेच आधी होती वैशाली भोकरे, इयत्ता सातवी, गेल्या वर्षीच्या बालनाट्यातला ससा. सशाची कुमारी अध्यक्षांना चिकटली.

“आत घे ते,” सर म्हणाले. “चार ओळींचं काम आहे.”

मी मान डोलावली. पण त्या चार ओळींच्या आसपास माझ्याच हातचं असं काही कडबोळं होतं की एक धागा ओढला तर सबंध पान उसवेल, अशी मला धास्ती वाटत होती. मग मी काय केलं, तर आप्पांच्या रकान्यात ‘मा.’ भरून टाकलं. यादी लख्ख दिसू लागली. संध्याकाळी सरांनी विचारलं, “आत घेतलंस?” मी म्हटलं, “घेतलं, सर.” ते खोटं इतकं सहज निघालं की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

शनिवारी दुपारी मला मंडळाच्या खोलीवर बोलावणं आलं. आप्पा आणि दत्तोबा समोरासमोर बसले होते आणि दोघांच्या मधे चहा निवत होता. वाद शेडबाळ्यांच्या उपाधीवरून चालला होता.

अरविंद शेडबाळे हा मंडळाचा एके काळचा हुकमी नट. एकोणीस वर्षांपूर्वी, पंचाण्णव सालच्या डिसेंबरात, मंडळ कोल्हापूरला एका स्पर्धेत उतरलं होतं. दुसरा अंक झाला आणि मध्यंतरात चहा पिऊन येतो म्हणून शेडबाळे इन्स्पेक्टरच्या वेषात बाहेर पडला, तो परत आलाच नाही. तिसऱ्या अंकात आरोपीला पकडायला कुणी उरलं नाही. आप्पांनी ऐनवेळी आरोपीलाच पश्चात्ताप झाल्याचं दाखवून स्वतःच्या पायांनी चौकीवर धाडलं, आणि त्या अनपेक्षित शेवटाबद्दल नाटकाला लेखनाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. नंतर पोलिसांत वर्दी द्यायला गेले, तर ‘शेवटचं कुठल्या कपड्यांत पाहिलं’ या प्रश्नाशी सगळे अडले. इन्स्पेक्टरच्या म्हटल्यावर ठाणेदारानं वही मिटली आणि आधी सगळ्यांना खाली बसवलं.

हे सगळं गावात हसत हसत सांगत. फक्त इंदुमती शेडबाळे आसपास नाहीत ना, हे बघून सांगत. त्या अरविंदची बायको, आणि त्या प्रयोगाला प्रॉम्प्टर म्हणून तिसऱ्या अंकाचं पान उघडून विंगेत उभ्या होत्या. आता छप्पन्न वर्षांच्या झाल्या होत्या, गल्लीत शिवणाचे वर्ग चालवत होत्या. त्यांना सवाष्ण म्हणावं की नाही, हे एकोणीस वर्षांत गावाला ठरवता आलं नव्हतं. हळदीकुंकवाला बोलवत, कारण न बोलावण्याची हिंमत नव्हती. पण कुंकवाचं बोट त्यांच्या कपाळाशी आलं की क्षणभर थबकत असे. हे मी आमच्याच घरी, माझ्याच आईच्या बोटाचं पाहिलं होतं.

“श्री. लिहिलंय तेच बरोबर,” दत्तोबांचं म्हणणं. “माणूस गेल्याचा पुरावा काय? काही नाही. मग श्री.”

“जो माणूस एकोणीस वर्षं मंडळाच्या वर्धापनदिनाला फिरकला नाही,” आप्पा म्हणाले, “तो हयात असेलच कसा?”

मग दत्तोबांनीच सात वर्षं बेपत्ता असलेला माणूस मेला असं मानायचा कायदा काढला आणि स्वतःचंच म्हणणं खोडलं. आप्पा म्हणाले, कायद्यानं काय मानायचं ते मानावं, बायकोनं काय मानायचं? मी भीतभीत म्हटलं, काकूंनाच विचारलं तर? दोघांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्यांना विहिरीत उतरायला सांगतेय.

शेवटी आप्पांनी निकाल दिला. “हे बघ बाळ, उद्या इंदू पहिल्या रांगेत बसणार. श्री. वाचलं तर तिला वाटेल, आम्हाला काहीतरी ठाऊक आहे आणि तिच्यापासून लपवलंय. कै. वाचलं तर वाटेल, मला न विचारता यांनी उरकून टाकलं. दोन्हींतलं काही नको. रकाना रिकामा ठेव. तिच्या मनात काय असेल ते तिच्यापाशी राहू दे.”

मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मी तिथंच लॅपटॉप उघडला, शेडबाळ्यांचा श्री. पुसला आणि चहा पिऊन घरी आले. पुसल्यावर यादी एकदा चालवून बघावी हे काही मला सुचलं नाही.

रविवारी सभागृह भरलं होतं. सनईची टेप लावली होती आणि एका कोपऱ्यात टेबलापाशी मी लॅपटॉप घेऊन बसले होते. नावं खालून वर सरकू लागली. ज्याचं नाव येई त्याचे नातेवाईक टाळ्या वाजवत. ‘मा. आप्पासाहेब मगदूम’ आले तेव्हा तर शिट्ट्यासुद्धा झाल्या. य गेला, र गेला, व गेला. मी निवांत होते.

मग ‘कै. दादू शिंगे’ असं नाव आलं. दादू शिंगे तबला वाजवत असत, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. लोक हळहळले. त्याच्या खाली ‘कै. अरविंद शेडबाळे’ आलं.

दादूंचं उष्टं त्यांना लागलं होतं. मला ते तत्क्षणी कळलं, आणि तत्क्षणीच नाव वर ढकलायचं म्हणून मी घाईनं भलतीच बटणं दाबली. यादी थांबली. वर अक्षरं दुप्पट मोठी झाली. सबंध पडद्यावर दुसरं काही उरलं नाही, फक्त शेडबाळे आणि त्यांच्याआधीचं ते कै.

टेपवरची सनई चालूच होती. दत्तोबा प्रोजेक्टरसमोर जाऊन उभे राहिले, त्यामुळे कै. त्यांच्या शर्टावर दिसू लागलं. सगळ्या सभागृहानं पहिल्या रांगेकडे पाहिलं. इंदूकाकू पडद्याकडे बघत होत्या, मांडीवर हात, पाठ ताठ. आता काहीतरी बोलणं भाग होतं आणि बोलायला एकच माणूस होता. आप्पा रंगमंचावर गेले. साठ वर्षं रंगमंचावर वावरलेला नट, पुढचं वाक्य आठवत नसेल तर कार्यक्रमपत्रिकेतलं कुठलंतरी वाक्य उचलायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. यादी संपल्यावर सर्व दिवंगत कलाकारांसाठी जे म्हणायचं होतं, ते त्यांनी आत्ताच म्हटलं.

“आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या.”

सगळे उभे राहिले. इंदूकाकूही उभ्या राहिल्या. अशा रीतीनं, दोन मिनिटांत, चारशे माणसांच्या साक्षीनं अरविंद शेडबाळे वारले.

गावानं पुढचं सगळं रीतसर केलं. सुतकाच्या घरी चूल पेटवायची नाही म्हणून शेजारीपाजारी जेवण नेतात. त्या दुपारी इंदूकाकूंकडे अकरा घरांतून पिठलंभाकरी गेली. पडद्याचा फोटो कुणीतरी मोबाइलवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत तो कुठल्या कुठे गेला. मी घरी पांघरूण घेऊन पडून होते. आईनं विचारलं, तुला काय झालं? मी सांगितलं, मी एक माणूस मारला. ती म्हणाली, जेवून घे आधी.

सोमवारी सर यायच्या आत कोड दुरुस्त करावा आणि मग काय ते कबूल करावं, अशा इराद्यानं मी ऑफिसला लवकर गेले. कुलूप काढते तोच फोन वाजला. साइटच्या तळाशी आम्ही संपर्कासाठी आमचाच नंबर दिला होता.

“तुमच्या त्या नाट्यमंडळाच्या यादीत चूक आहे,” पलीकडून भारदस्त आवाज आला. “एका नावापुढं कै. लागलंय. ते काढा.”

मी म्हटलं, हो, कालच लक्षात आलं, माफ करा. आपण त्यांचे कोण?

“मी तेच,” आवाज म्हणाला. “शेडबाळे बोलतोय.”

मी खुर्ची ओढून बसले. पुढं जे झालं त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. ते धारवाडला होते, एका कापडाच्या दुकानात. फोटो फिरत फिरत तिथं पोचला होता. “इथं घरी सगळ्यांनी बघितलं,” ते म्हणाले, “नुसता गोंधळ उडालाय.”

“घरी म्हणजे?” मी विचारलं.

“घरी म्हणजे घरी,” ते म्हणाले.

मग त्यांनी आपण होऊन एकेकाची चौकशी केली. आप्पा कसे आहेत, दत्तोबाचा दमा कसा आहे, मंडळ अजून नाटकं बसवतं का, जुना पडदा आहे का बदलला. मी उत्तरं देत होते आणि वाट बघत होते. पडद्यापर्यंत पोचले म्हणजे आता विचारतीलच, असं मला वाटत होतं. ते म्हणाले, “बरं तर, तेवढं श्री. करून टाका,” आणि त्यांनी फोन ठेवला.

मला इतका राग आला की कोड उघडायचं राहून गेलं. सर आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, गुरुवारच्या खोट्यासकट. सर ओरडले नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. ते एवढंच म्हणाले की कोड नंतर, आधी त्या बाईंकडे जा आणि आपल्या तोंडानं सांग.

एकटीनं जायचं धैर्य नव्हतं म्हणून मी आधी आप्पांकडे गेले. शेडबाळे जिवंत आहेत हे ऐकून आप्पांनी चष्मा काढून सोग्याला पुसला. मग म्हणाले, “ड्रेसचं विचारलंस का? भाड्याचा होता तो.”

इंदूकाकूंच्या ओसरीवर शिवणाच्या वर्गातल्या चार बायका बसल्या होत्या. आम्हाला बघून त्या पदर सावरत उठून गेल्या, पण जाताना हसू दाबत होत्या, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. आप्पांनी घसा खाकरला, “इंदू,” म्हणाले आणि तिथंच थांबले. साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांना विंगेतून वाक्य हवं होतं. मग मीच बोलले. चूक माझी होती, हे सांगितलं. फोन आला, हे सांगितलं. धारवाड सांगितलं. ‘घरी म्हणजे घरी’ हेही सांगितलं, कारण पुन्हा खोटं बोलायची माझी तयारी नव्हती.

काकूंनी हातातल्या ब्लाउजला टाका घातला, दोरा तोडला आणि विचारलं, “माझं काही विचारलं?”

“नाही,” मी म्हटलं.

“हो म्हणाली असतीस तर मी ओळखलं असतं.” त्यांनी ब्लाउज बाजूला ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच होता. “आणि ते कै. कुणी लिहिलं होतं? आप्पांनी?”

“कुणीच नाही, काकू. तो रकाना रिकामा होता. माझ्या चुकीनं आधीच्या माणसाचं उरलेलं त्याला लागलं. दादू शिंग्यांचं.”

“दादूभावजींचं,” त्या म्हणाल्या, आणि एकाएकी हसू लागल्या. आम्ही दोघं घाबरलो. बराच वेळ हसून झाल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले. “आता त्याला काय हवंय?”

“श्री.”

“देऊ नकोस.”

“इंदू,” आप्पा म्हणाले, “माणूस हयात आहे.”

“असेल. धारवाडला असेल.” त्या आप्पांकडे वळल्या. “आप्पा, एकोणीस वर्षं या घरात येणारं माणूस त्याचं नाव काढत नव्हतं. कुणी नाटकाचा विषय काढला की दुसरी तिला चिमटा काढायची. मला वाटायचं, मी घरात नाही, कुणा आजाऱ्याच्या उशाशी राहतेय. काल पिठलं घेऊन आल्या तशा सगळ्या मोकळ्या झाल्या. एक म्हणाली, त्यानं माझ्या नवऱ्याची सायकल नेली ती परत आणली नाही. दुसरी म्हणाली, तो नाटकात बरा दिसायचा, एरवी नाही. गेलेल्याबद्दल लोक चांगलं बोलतात म्हणे. इथं कुणाला सुचेना. पण मी पोटभर जेवले, आणि काल मला झोप लागली. आता पुन्हा घरोघर जाऊन सांगत बसू, की तो आहे?”

आप्पांनी मान डोलावली.

“कै. राहू दे त्याला,” काकू मला म्हणाल्या. “चुकून लागलेलं नको पण. नीट लिही. आणि मी कुठं आहे त्या यादीत?”

“त्यांच्या लगेच खाली. सौ. इंदुमती शेडबाळे, प्रॉम्प्टर.”

“ते सौ. काढ.”

“श्रीमती करू?”

“काही करू नकोस. रिकामं ठेव. नुसतं नाव.” मग त्या थोड्या पुढे वाकल्या. “पण मी त्याच्या खालीच आहे म्हणतेस. मग त्याचं उरलेलं मला लागेल ना?”

माझ्या आजवरच्या नोकरीत कुणी गिऱ्हाइकानं इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही. मी म्हटलं, आत्ता लागेल. आज संध्याकाळनंतर लागणार नाही.

तो कोड मी त्या दुपारी जेवण सोडून सरळ केला. पान खरंच उसवलं, दोनदा उसवलं, आणि ‘उपाधी’ आत गेली. प्रत्येकाची ज्याची त्याची, तो गेला की तीही गेली. चार नव्हे, अकरा ओळी लागल्या. सरांनी त्या एकेक करून वाचल्या आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसले. मी कामावर राहिले.

शेडबाळ्यांचा फोन आणखी तीनदा आला. तिसऱ्या वेळी योगायोगानं आप्पा ऑफिसात होते. त्यांनी फोन मागून घेतला आणि आवाज ओळखल्याची जराही खूण न देता, मुख्याध्यापकी सुरात सांगितलं की यादीत दुरुस्ती हवी असल्यास हयातीचा दाखला घेऊन अर्जदारानं समक्ष यावं, पोस्टानं चालणार नाही. त्यानंतर फोन आला नाही. अर्जदारही आला नाही.

गुरुवारी दुपारी इंदूकाकू जिना चढून ऑफिसात आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. मी यादी उघडून श पर्यंत आणली. कै. अरविंद शेडबाळे. त्याच्याखाली, पुढेमागे काही नाही, इंदुमती शेडबाळे. चारशे बारांत तेवढं एकच नाव तसं होतं आणि त्यामुळे ते लगेच नजरेत भरत होतं. काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. स्वतःचं नाव त्यांनी ओठांतल्या ओठांत वाचलं, मग पुन्हा वाचलं.

“माझ्याखाली कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“शेळके. पेटीवाले.”

“त्यांना माझं काही लागलं नाही ना?”

“नाही, काकू.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या आणि वर्गाची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.